स्वभावाची इंग्रजी विशेषणे: अर्थ पाठ होतो, पण शब्दातले मत निसटते

अक्षरयात्री:

संध्याकाळच्या वर्गात मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. कार्यालयीन पत्रे, दूरध्वनीवरचे बोलणे, बैठकीतले निवेदन हे सारे त्यांना यथावकाश जमते. माणसाविषयी बोलायची वेळ आली की मात्र तेच विद्यार्थी 'गुड', 'नाइस' आणि 'हेल्पफुल' या तीन शब्दांपाशी येऊन थांबतात. मराठीत हीच मंडळी शेजाऱ्याविषयी बोलताना 'मनाने चांगला, पण तोंडाने फटकळ, आणि पैशाच्या बाबतीत जरा चिकट' असे सहज बोलून जातात. म्हणजे माणूस ओळखण्याची नजर त्यांच्यापाशी पुरेपूर आहे, फक्त त्या नजरेला इंग्रजीत शब्द मिळत नाहीत.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे यादी: डावीकडे इंग्रजी विशेषण, उजवीकडे मराठी अर्थ. माझे म्हणणे असे आहे की स्वभाववर्णनाच्या शब्दांसाठी ही यादी अपुरी तर आहेच, पण पुष्कळदा घातकही आहे. 'स्टबर्न', 'ऑब्स्टिनेट', 'हेडस्ट्राँग' या तिन्हींपुढे यादीत 'हट्टी, जिद्दी' असे लिहिलेले असते. मराठीत जिद्द हा गुण आहे. जिद्दीने शिकलेल्या मुलीचे आपण कौतुक करतो. त्यामुळे एका विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात मोठ्या अभिमानाने 'आय अ‍ॅम अ व्हेरी स्टबर्न पर्सन' असे लिहिले. त्याला म्हणायचे होते की मी हाती घेतलेले काम सोडत नाही. वाचणाऱ्याला मात्र कळले असते की हा मनुष्य कोणाचे ऐकत नाही. त्याला 'डिटरमिन्ड', 'पर्सिस्टंट' किंवा 'टिनेशस' यांपैकी एखादा शब्द हवा होता. व्याकरण निर्दोष, शब्दकोशातला अर्थही जवळचा, आणि तरीही वाक्य त्याच्याच विरुद्ध साक्ष देणारे!

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या एका नभोवाणी कार्यक्रमात हीच गोष्ट क्रियापद चालवल्यासारखी चालवून दाखवली होती: मी 'फर्म', तू 'ऑब्स्टिनेट', तो 'पिग-हेडेड' मूर्ख. वागणूक तिघांचीही एकच, म्हणजे आपले मत न बदलणे. बदलते ते बोलणाऱ्याचे त्या माणसाशी असलेले नाते. स्वभावाचा शब्द माणसाचे वर्णन करतो आणि त्याच श्वासात बोलणाऱ्याचा निवाडाही सांगून टाकतो.

हे केवळ शिक्षिकेचे निरीक्षण नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा मोठा शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्याविषयीचे इंग्रजी शब्द वेगळे काढले आणि 1936 मध्ये ते प्रसिद्ध केले. एकूण शब्द भरले 17,953. त्यांची त्यांनी चार रकान्यांत वाटणी केली. टिकाऊ स्वभावगुण सांगणारे शब्द 4,504 निघाले, तात्पुरत्या मनःस्थितीचे 4,541 आणि इतर किरकोळ 3,682. सर्वांत मोठा रकाना होता तो माणसाला बरे किंवा वाईट ठरवणाऱ्या, म्हणजे मुळात निवाडा करणाऱ्या शब्दांचा: 5,226. इतक्या शब्दांची यादी कोणी पाठ करू शकणार नाही, पण या वाटणीतून शिकण्याची दिशा मात्र कळते. नवा शब्द भेटला की त्याचा अर्थ विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हा शब्द कायमच्या स्वभावाविषयी आहे की आत्ताच्या मनःस्थितीविषयी? आणि बोलणारा यातून कौतुक करतो आहे, नुसते नोंदवतो आहे, की नावे ठेवतो आहे?

माझ्या वर्गात आम्ही वहीचे पान या दुसऱ्या प्रश्नानुसार भरतो. पैसा जपून वापरणारा मनुष्य घ्या. 'थ्रिफ्टी' म्हटले की कौतुक, 'फ्रूगल' म्हटले की साधारणपणे आदर किंवा निदान तटस्थता, 'टाइट-फिस्टेड' आणि 'स्टिंजी' म्हटले की निंदा, आणि 'मायझर्ली'मध्ये तर तिरस्कार. आपल्याकडे 'काटकसरी', 'हात आखडून खर्च करणारा', 'चिकट' आणि 'कवडीचुंबक' अशी उतरंड आहेच, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे चटकन उमगते. दुसऱ्याविषयी जाणून घेण्याची इच्छा असणारा 'क्युरियस', खोदून विचारणारा 'इन्क्विझिटिव्ह', नको तिथे नाक खुपसणारा 'नोझी'. मुलाच्या निर्मळ वृत्तीचा मोठा मनुष्य 'चाइल्डलाइक', पोरकटपणा करणारा 'चाइल्डिश'; ही जोडी तर प्रत्येकाच्या वहीत असलीच पाहिजे.

ऑक्सफर्डच्या प्रगत विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात अशा शब्दांपुढे 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी छोटी खूण तिरप्या अक्षरांत दिलेली असते. मराठी अर्थ शोधण्याच्या घाईत नेमकी तीच नजरेतून सुटते.

आपण हे शब्द कसे शिकलात, कोणते शब्द फसवे निघाले आणि वर्गात आणखी काय करता येईल, यावर सविस्तर लिहावे ही विनंती.

—

कृष्णाकाठ:

उत्तम विषय. यात एक भर घालतो. जे शब्द आपल्याला 'येतात' असे आपण धरून चालतो, ते जास्त फसवतात, कारण ते मराठी बोलण्यात रुळले आहेत आणि रुळताना त्यांनी अर्थ बदलला आहे. विवाहविषयक जाहिरातींमधला 'होमली' हा शब्द घ्या. आपल्याकडे त्याचा अर्थ घराची ओढ असलेली, घरात रमणारी मुलगी असा आहे आणि ब्रिटिश वापराशी तो जुळतोही. अमेरिकेत मात्र 'होमली' म्हणजे दिसायला सामान्य, किंबहुना कुरूप. तिकडच्या स्थळाला हा शब्द लिहून पाठवला तर काय समजले जाईल, हे सांगायला नको.

'सोबर' हा शब्द आपण सभ्य, भडकपणा नसलेल्या माणसासाठी वापरतो. इंग्रजीत व्यक्तीविषयी तो ऐकला की पहिल्यांदा मनात येते ते न प्यालेला असणे. 'सिंपल' हा त्याहून नाजूक शब्द आहे. 'साधा माणूस' ही मराठीतली मोठी शाबासकी आहे, पण इंग्रजीत 'अ सिंपल मॅन' म्हटल्यावर बुद्धीने बेताचा अशी छटा येऊ शकते. तिथे 'अनअझ्यूमिंग', 'अनप्रिटेन्शस' किंवा 'डाउन-टु-अर्थ' म्हणावे. 'सेन्सिटिव्ह' आणि 'सेन्सिबल' यांची अदलाबदल तर रोज ऐकू येते. पहिला हळवा, दुसरा समंजस. आणि समंजस माणसाला हळवा म्हटले तर त्याला ते आवडेलच असे नाही.

—

टेम्सपार:

मी अनेक वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी करते आहे. ताईंनी सांगितलेल्या निवाड्याच्या मुद्द्याला येथे आणखी एक पदर आहे. ब्रिटिश मनुष्य सहकाऱ्याविषयी वाईट बोलताना वाईट विशेषण सहसा वापरतच नाही. तो चांगले विशेषण घेतो आणि ते नाकारतो. 'रूड' असे न म्हणता 'नॉट द मोस्ट टॅक्टफुल पर्सन' म्हणतात, 'लेझी' न म्हणता 'नॉट द मोस्ट मोटिव्हेटेड' म्हणतात. त्याच्या जोडीला 'अ बिट', 'कॅन बी', 'टेंड्स टु बी' असे शब्द येतात. 'शी कॅन बी अ बिट अब्रप्ट' (ती कधी कधी जरा तुटक बोलते) हे वाक्य मराठी कानाला सौम्य वाटते, पण वार्षिक मूल्यमापनात ते लिहिले गेले तर ती गंभीर तक्रार असते. उलट आपण सरळ 'शी इज अब्रप्ट' असे लिहिले, तर लिहिणाऱ्याचाच स्वभाव कठोर आहे असा समज होतो.

'क्वाइट' या शब्दाविषयीही सावध राहावे. 'क्वाइट इंटेलिजंट' हे अमेरिकी माणसाकडून आले तर भरभरून कौतुक असते. ब्रिटिश माणसाकडून आले तर बहुधा 'तसा बरा हुशार आहे' इतकेच.

—

रानजाई:

टेम्सपार, तुमच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. कोणाविषयी बोलले जाते यावरही शब्द बदलतो, आणि तो न्याय्य बदल नसतो. 'बॉसी' हा शब्द मोठ्या हुद्द्यावरच्या पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या आणि मुलींच्या वाट्याला फार येतो. तेच वागणे पुरुषाचे असेल तर 'असर्टिव्ह' किंवा 'डिसायसिव्ह' म्हटले जाते. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनी हे तपासून पाहावेच. विद्यार्थिनीसाठी 'स्वीट', 'केअरिंग', 'हार्डवर्किंग' आणि विद्यार्थ्यासाठी 'ब्रिलियंट', 'ओरिजिनल' असे शब्द आपल्या हातून निघत असतील, तर दोघांची पत्रे शेजारी ठेवून वाचावीत.

—

प्राजक्त२२:

मी धाग्यावर नवीन आहे. लवकरच माझी आयईएलटीएस ही इंग्रजी भाषेची परीक्षा आहे. बोलण्याच्या परीक्षेत एखाद्या व्यक्तीचे वर्णन करायला सांगतात, त्यासाठी जास्त गुण मिळवून देणारी कठीण विशेषणे कोणी देऊ शकेल का?

—

अक्षरयात्री:

प्राजक्त, स्वागत आहे. आधी परीक्षेची रचना नीट लक्षात घ्या. बोलण्याच्या परीक्षेच्या दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड मिळते, तयारीला 1 मिनिट असते आणि 1 ते 2 मिनिटे बोलायचे असते. गुण चार निकषांवर मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. शब्दसंपदेच्या निकषात शब्द अवघड आहे का एवढेच पाहिले जात नाही. तो नेमका आहे का आणि योग्य शब्दांच्या सोबतीने आला आहे का, हेही पाहिले जाते. 'मॅग्नॅनिमस' असा भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरण्यापेक्षा 'जेनरस' हा शब्द वापरून पुढे उदाहरण द्यावे.

उदाहरण हाच खरा आधार आहे. 'माझे काका उदार आहेत' हे वाक्य हवेत राहते. 'माझे काका उदार आहेत. शेतावरचा गडी आजारी पडला तेव्हा त्याच्या मुलाची फी त्यांनी भरली आणि घरात कोणाला सांगितलेही नाही' असे म्हटले की 'जेनरस'बरोबर 'डिस्क्रीट' (गाजावाजा न करणारा) हा दुसरा शब्दही आपोआप जागेवर येतो. एका विशेषणामागे एक प्रसंग, अशी चार-पाच विशेषणे 2 मिनिटांना पुरून उरतात.

शब्दांची सोबतही शिका. लाजाळूपणा जास्त असेल तर 'पेनफुली शाय', निष्ठा प्रखर असेल तर 'फिअर्सली लॉयल', स्पष्टवक्तेपणा बोचरा असेल तर 'ब्रूटली ऑनेस्ट'. 'व्हेरी' चालतोच, पण या जोड्या बोलण्याला मुरलेपण देतात. स्वतः एक परिच्छेद लिहून इथे टाका, आपण त्यावर काम करू.

—

वाक्यवेध:

मी व्याकरणाच्या बाजूने लिहितो, कारण भावनांच्या शब्दांत मराठी माणसाची खरी अडचण वाक्यरचनेत आहे.

मराठीत भावना माणसाकडे येते. मला राग येतो, मला भीती वाटते, मला आनंद होतो, मला कंटाळा येतो. अनुभवणारा 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला उभा असतो आणि वाक्याचा कर्ता असते ती भावना. इंग्रजीत अनुभवणाराच कर्ता होतो आणि भावना त्याचे विशेषण होते. हा उलटफेर मनात पक्का नसल्यामुळे 'मला कंटाळा आला' याचे 'आय अ‍ॅम बोअरिंग' होते, म्हणजे 'मी कंटाळवाणा मनुष्य आहे'. ज्याला भावना होते त्याच्यासाठी 'बोअर्ड', 'एक्सायटेड', 'कन्फ्यूज्ड', 'एम्बॅरस्ड'. आणि जे ती भावना निर्माण करते त्यासाठी 'बोअरिंग', 'एक्सायटिंग', 'कन्फ्यूजिंग', 'एम्बॅरसिंग'.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची आहे. 'साहेब माझ्यावर रागावले' यातला 'वर' थेट इंग्रजीत उतरतो आणि 'अँग्री ऑन मी' तयार होते. माणसावरचा राग 'अँग्री विथ', घटनेविषयीचा राग 'अँग्री अबाउट'. 'सगळ्यांशी प्रेमाने वागते' यातल्या 'शी'मुळे 'काइंड विथ' लिहिले जाते. तिथे 'काइंड टु' हवे, तसेच 'रूड टु' आणि 'लॉयल टु'. 'प्राउड', 'फाँड', 'जेलस', 'अशेम्ड' या सगळ्यांना 'ऑफ' लागते. विशेषण त्याच्या अव्ययासकटच पाठ करावे. सुटे पाठ केलेले विशेषण वाक्यात उभे राहत नाही.

तिसरी गोष्ट ताईंच्या पहिल्या प्रश्नाशी, म्हणजे स्वभाव की मनःस्थिती या भेदाशी जोडलेली आहे. मराठीत आपण 'रागीट' आणि 'रागावलेला' असे दोन शब्द ठेवतो. इंग्रजीत पुष्कळदा विशेषण एकच असते आणि भेद क्रियापद दाखवते. 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धट स्वभावाचा आहे. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे एरवी कसाही असो, आत्ता उद्धटपणे वागतो आहे. मुलांशी बोलताना हा फरक फार मोलाचा आहे. मात्र ही रचना वागणुकीच्या विशेषणांनाच चालते. 'आय अ‍ॅम बीइंग सॅड' असे कोणी म्हणत नाही, कारण दुःख हे वागणे नव्हे.

—

रसिकमन:

भावनांच्या शब्दांचा विषय निघाला म्हणून लिहितो. भरताच्या नाट्यशास्त्रात 8 स्थायी भाव आणि 33 व्यभिचारी भाव सांगितले आहेत. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय हे स्थायी. आणि येऊन-जाऊन असणाऱ्या भावांत असूया, गर्व, दैन्य, चिंता, व्रीडा (लाज), विषाद, औत्सुक्य, अमर्ष, अवहित्थ (मनातला भाव लपवणे) अशी बारीक विभागणी आहे. इंग्रजी भावनाशब्द शिकताना मी हीच चौकट वापरली आणि तिचा मला फायदा झाला. अपमान सहन न होऊन उठणारा अमर्ष 'इंडिग्नेशन'च्या फार जवळ जातो, तर नुसता क्रोध 'अँगर'. दुसऱ्याचे भले न पाहवणे ही असूया, म्हणजे 'एन्व्ही'. आपले माणूस दुसऱ्याचे होईल या भयातून येणारी ती 'जेलसी'. दोन्हींना सरसकट 'मत्सर' म्हटले की हा भेद हरवतो.

—

वाक्यवेध:

रसिकमन, चौकट सुंदर आहे, पण शेवटच्या भेदाविषयी थोडी असहमती नोंदवतो. शास्त्रीय लेखनात तो पाळला जातो हे खरे. रोजच्या इंग्रजीत मात्र मैत्रिणीने सुट्टीची छायाचित्रे दाखवली की 'आय अ‍ॅम सो जेलस' असेच म्हणतात आणि त्यात मत्सराचा लवलेश नसतो. आपण 'मज्जा आहे बुवा तुझी' म्हणतो तसे ते कौतुक असते. शिकणाऱ्याने लिहिताना भेद पाळावा, पण ऐकताना तो समोरच्यावर लादू नये.

—

कृष्णाकाठ:

उलट दिशेनेही विचार व्हायला हवा. मराठीतले काही स्वभावशब्द इंग्रजीत एका शब्दात मावत नाहीत आणि तिथे शिकणारा अडकून गप्प बसतो. 'भिडस्त' माणूस लाजाळू असतोच असे नाही. समोरच्याला नाही म्हणणे त्याला जमत नाही. 'हलक्या कानाचा' म्हणजे नुसता 'गलिबल' नव्हे. कोणीतरी कान भरले की तो आपल्याच माणसावर उलटतो. 'आतल्या गाठीचा' म्हणजे 'रिझर्व्ह्ड' तर खराच, शिवाय काहीतरी लपवणारा.

अशा वेळी मोल्सवर्थचा कोश उघडावा. 1831 मध्ये निघालेल्या आणि 1857 मध्ये वाढवून पुन्हा छापलेल्या त्या मराठी-इंग्रजी कोशात एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द ठेवून मोकळे होण्याची वृत्ती नाही. दोन-तीन विशेषणे आणि गरज पडेल तिथे सरळ वाक्यांशाने खुलासा केलेला असतो. आपणही तेच करावे. 'ही फाइंड्स इट हार्ड टु से नो टु एनीवन' हे 'भिडस्त'चे चोख इंग्रजी आहे, आणि त्यात एकही अवघड शब्द नाही.

—

प्राजक्त२२:

सर्वांचे मनापासून आभार. अक्षरयात्रीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे परिच्छेद लिहिला आहे. तपासून द्याल का?

'माय ग्रँडमदर इज अ स्ट्रिक्ट बट सॉफ्ट-हार्टेड वुमन. शी डिड नॉट गो टु स्कूल, बट शी इज व्हेरी कनिंग इन मनी मॅटर्स अँड नोबडी कॅन चीट हर. शी इज अ सिंपल लेडी. शी गेट्स अँग्री ऑन मी इफ आय वेस्ट फूड, बट इन फाइव्ह मिनिट्स शी इज नॉर्मल. व्हेन आय गो होम, शी इज व्हेरी एक्सायटिंग.'

—

अक्षरयात्री:

प्राजक्त, आजी डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. 'स्ट्रिक्ट बट सॉफ्ट-हार्टेड' ही सुरुवात तशीच ठेवा.

'कनिंग' मात्र काढा. तुम्हाला व्यवहारचतुर म्हणायचे आहे. 'कनिंग'मध्ये दुसऱ्याला फसवण्याचा वास आहे आणि आजी तर फसवली न जाणारी आहे. तिथे 'श्रूड' हवा: 'शी इज श्रूड अबाउट मनी'. पुढचे 'नोबडी कॅन चीट हर' हे त्या विशेषणाचे उदाहरण आहे, पण ते अजून नुसते विधान आहे. बाजारात भाजीवाल्याशी किंवा बँकेत घडलेला एखादा खरा प्रसंग एका वाक्यात घाला.

'सिंपल लेडी'विषयी कृष्णाकाठ यांनी वर लिहिलेच आहे. शाळेत न गेल्याचा उल्लेख आधी आल्यामुळे इथे तो शब्द विशेष धोक्याचा ठरतो. 'अनप्रिटेन्शस' म्हणा, किंवा ती कशी राहते ते सांगा. 'अँग्री ऑन मी'चे 'अँग्री विथ मी' करा. 'शी इज नॉर्मल' याऐवजी 'शी हॅज फरगॉटन ऑल अबाउट इट' म्हणा, कारण 'नॉर्मल'मुळे पाच मिनिटांपूर्वी ती ठीक नव्हती असा अर्थ निघतो. रागावते पण मनात धरत नाही, यासाठी 'शी नेव्हर बेअर्स अ ग्रज' ही सुरेख रचना आहे.

शेवटच्या वाक्यात 'एक्सायटिंग'चे 'एक्सायटेड टु सी मी' करा, पण माझे मन विचाराल तर तो शब्द तरुण माणसाचा आहे. तुम्ही दारात आल्यावर आजी नेमके काय करते? पाणी आणते, गालावरून हात फिरवते, की आधी 'वाळलीस गं' म्हणते? ते लिहा आणि विशेषण गाळा. दुरुस्त परिच्छेद इथेच टाका. मोठ्याने वाचून 2 मिनिटांत बसतो का, तेही कळवा.